हकलणं, तोतरेपणा, अडकणं: लोक मला सारखे विचारतात ते प्रश्न

मी स्वतः अडखळतो, लहानपणापासून, आता चाळिशी आली. रविवारी सकाळी नागपूरच्या धरमपेठेत आम्ही पाच-सात जण भेटतो, बोलायची प्रॅक्टिस करतो आणि मग तर्री पोहा खातो, बस एवढंच. पण कोणी तरी माझा नंबर कुठल्या तरी ग्रुपवर टाकला आणि तेव्हापासून व्हॉट्सॲपवर रोज एखादा मेसेज असतोच, आईबापांचे जास्त. तेच तेच टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून सगळं इथे लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही, पण या विषयात अडकून बरीच वर्षं काढलीत.

१. तोतरं, बोबडं, हकलणं, हे सगळं एकच का?

नाही. बोबडं म्हणजे 'र'चा 'ल' होणं, 'काका'चं 'ताता' होणं. तिथे आवाज चुकीचा येतो पण बोलणं थांबत नाही. तोतरेपणात शब्द माहीत असतो, उच्चार माहीत असतो, फक्त तो वेळेवर निघत नाही. पुस्तकात तोतरेपणा लिहितात, नागपुरात हिंदीच्या संगतीनं हकलणं म्हणतात, आम्ही आपसात नुसतं 'अडकणं' म्हणतो.

अडकायचे तीन प्रकार. एक, प-प-प-पाणी. दोन, स्स्स्स्संत्रं, म्हणजे आवाज लांबत जातो. तीन, ब्लॉक, तोंड उघडं आहे, जीभ जागेवर आहे आणि आवाजच नाही. पहिला सगळ्यांना ऐकू येतो, नकला पण त्याच्याच होतात. तिसऱ्यात समोरच्याला वाटतं हा विसरला, किंवा खोटं बोलायच्या तयारीत आहे, आणि मला विचाराल तर सगळ्यात त्रासाचा तोच. वरून डोळे मिचकावणं, मान झटकणं, पाय आपटणं हे सगळं नंतर चिकटतं, शब्द ढकलून बाहेर काढायच्या नादात.

२. होतं कशानं? भीतीनं ना?

भीतीनं नाही. भीती नंतर येते, शंभर वेळा अडकल्यावर कोणाला पण येईल. मूळ कारण मेंदूत आहे, बोलण्याचं टायमिंग सांभाळणाऱ्या जोडण्यांमध्ये, आणि स्कॅनमध्ये विशेषतः डाव्या बाजूला फरक दिसलेत. बोलताना फुप्फुस, स्वरयंत्र, जीभ, ओठ यांना सेकंदाच्या बारीक भागात एकामागे एक इशारे जावे लागतात. व्हरायटी चौकात एक सिग्नल दोन सेकंद उशिरा सुटला तर मागे काय होतं ते आपण रोज बघतो, तसंच.

घराण्यातही चालतं हे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पाकिस्तानातल्या नात्यातल्या कुटुंबांपासून सुरुवात करून याच्याशी जोडलेल्या तीन जीन्समधले बदल दाखवले. गंमत म्हणजे ते जीन्स जिभेचे वगैरे नाहीतच, पेशींमधला कचरा साफ करायच्या कामाचे आहेत. पण हे बदल थोड्याच लोकांमध्ये सापडतात, म्हणजे कोडं पूर्ण सुटलेलं नाही. हुशारीशी याचा काही संबंध नाही.

३. मी पोराला एकदा जोरात मारलं होतं, त्यानंतरच सुरू झालं. माझ्यामुळे झालं का?

नाही झालं. हा प्रश्न बहुतेक रात्री अकरानंतर येतो आणि विचारणारी आई असते, म्हणून सविस्तर लिहितो. (मारणं चूकच, पण तो वेगळा विषय.) तोतरेपणा सुरू व्हायचं वय दोन ते पाच, आणि त्या वयात पोरं पडतात, घाबरतात, मार खातात, घरात भाऊ-बहीण जन्माला येतो, म्हणून मागे वळून बघितलं की काही ना काही सापडतंच.

एकेकाळी शास्त्रज्ञही आईबापांनाच दोष द्यायचे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या वेंडेल जॉन्सन यांचं म्हणणं होतं की आईबापांच्या टोकण्यानेच पोरगं तोतरं होतं. १९३९ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली २२ अनाथ मुलांवर प्रयोग झाला, त्यातल्या काही नीट बोलणाऱ्या मुलांना मुद्दाम सांगत राहिले की तुम्ही अडखळता, सुधारा. ती मुलं काही खरी तोतरी झाली नाहीत, पण बोलायलाच बिचकायला लागली, गप्प गप्प राहायला लागली. विद्यापीठानं २००१ मध्ये त्याबद्दल माफी मागितली. म्हणजे टोकल्यानं तोतरेपणा होत नाही, पण टोकल्यानं पोरगं गप्प होतं, आणि ते बरं करायला जास्त वेळ लागतो.

४. पोट्टा अडीच वर्षांचा, अचानक 'मी मी मी मी' करायला लागला. थांबू की दाखवू?

शंभरातली साधारण पाच मुलं कधी ना कधी या टप्प्यातून जातात आणि त्यातल्या चारातल्या तिघांचं आपोआप सुटतं. मोठ्या माणसांमध्ये शंभरात एक उरतो. मुलींचं जास्त सुटतं, म्हणून मोठेपणी चार पुरुषांमागे एक बाई असा हिशोब दिसतो.

'मला मला चॉकलेट पाहिजे' असा पूर्ण शब्द आरामात परत येत असेल तर बहुतेक चिंता नाही, सगळीच लहान मुलं करतात. पण 'म-म-म-मला' असा तुकडा, किंवा आवाज ताणला जातोय, चेहरा कसला जातोय, बोलता बोलता 'जाऊ दे' म्हणून सोडून देतोय, तर लक्ष द्या. सहा महिन्यांच्या वर चाललंय, घरात कोणी अडखळणारं आहे, मुलगा आहे, साडेतीन वर्षांनंतर सुरू झालंय, यातलं एक-दोन जरी जुळलं तरी दाखवून या. 'मोठा झाला की होईल नीट' म्हणणारी आजी चारातल्या तीन वेळा बरोबर ठरते, म्हणूनच तर तिचं ऐकून लोक चौथ्या वेळीही थांबतात. कुठे दाखवायचं ते प्रश्न १२ मध्ये.

५. मग त्याला 'हळू बोल, श्वास घे, विचार करून बोल' असं सांगत राहू का?

नका सांगू. विचार त्याचा झालेलाच असतो. त्यापेक्षा तुम्हीच थोडं हळू बोला, त्याचं वाक्य संपल्यावर एक-दोन सेकंद थांबून मग उत्तर द्या, आणि एकामागे एक प्रश्न टाकू नका ('शाळेत काय केलं, डबा खाल्ला का, टीचर काय म्हणाली', हे तीन प्रश्न एका श्वासात). दिवसातून दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून फक्त त्याच्याशी. पाहुण्यांसमोर 'काकांना पोएम म्हणून दाखव' हे बंद.

त्यानं स्वतःच विचारलं की माझे शब्द काहून अटकतात, तर विषय बदलू नका. 'हो, कधी कधी अटकतात, चालतं, मी थांबते ना' एवढं पुरे. घरात ज्या गोष्टीचं नावच घेत नाहीत ती गोष्ट लाजेची असते हे पोरं लवकर शिकतात.

६. घरी वऱ्हाडी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्लिश. या खिचडीमुळे होतं का? एक भाषा बंद करू?

भाषा जास्त असल्यानं तोतरेपणा होत नाही. नागपुरात तीन भाषा ऐकत मोठं न झालेलं पोरगं शोधून दाखवा. जी भाषा कमी येते तिच्यात अडकणं जास्त दिसू शकतं, पण त्यासाठी घरची भाषा बंद करायची गरज नाही. आजीशी बोलायची भाषाच काढून घेतली तर पोरगं बोलेल कोणाशी?

७. वेखंड, अक्कलकारा, तोंडात गोट्या, जिभेखालची शीर कापणं, यातलं काय चालतं?

काहीच नाही. वेखंड माझ्या जिभेवर पण भरपूर घासलंय, जीभ बधिर झाली, 'प' तिथेच राहिला. गोट्या तर अजिबात नको, लहान मुलाच्या घशात अडकेल. जिभेखालचा पडदा आखूड असेल तर दूध ओढायला किंवा काही उच्चारांना त्रास होऊ शकतो, तो डॉक्टर बघतील, पण तोतरेपणाचं कारण ते नाही. १८४१ मध्ये जर्मनीतल्या डिफेनबाख नावाच्या नामी सर्जननं तोतरेपणावर जिभेचा तुकडाच कापायची शस्त्रक्रिया केली होती, तीही भूल निघायच्या आधीच्या काळात. ती पद्धत बंद पडली. त्या मानानं वेखंड बरं.

८. गाणं म्हणताना अडकत नाही, कुत्र्याशी बोलताना अडकत नाही, आमच्याशीच अडकतो. नाटक करतो का?

नाटक नाही, उलट हीच याची ओळख आहे. गाताना, एकट्यानं बोलताना, लहान बाळाशी किंवा जनावराशी बोलताना, कुजबुजताना, आणि चार जणांच्या सुरात सूर मिसळून बोलताना जवळजवळ सगळ्यांचंच अडकणं गायब होतं किंवा खूप कमी होतं. गाण्यात ताल आधीच ठरलेला, शब्द पाठ, आवाज सलग. सोबत बोलताना दुसऱ्याचा आवाज कानावर पडतो, टायमिंग तिकडून उसनं मिळतं. गणपतीच्या आरतीत मी सगळ्यात मोठ्यानं म्हणायचो.

सहावीत रोज परिपाठाला सगळ्यांसोबत प्रतिज्ञा म्हणायचो, एक अक्षर अडकलं नाही कधी. मग एक दिवस पुढे येऊन माइकवर सांगायची पाळी माझी आली. पहिलंच अक्षर 'भ'. ओठ मिटले ते मिटलेच. मैदानावर चारशे पोरं हात पुढे करून उभी, माइकमधून नुसता माझा श्वास, आणि पहिल्या रांगेतल्या एका मुलीचा हात हळूहळू खाली यायला लागलेला मला अजून दिसतो. शेवटी सरांनी मागून सुरुवात केली आणि त्यांच्या आवाजाला धरून मी उरलेली अख्खी प्रतिज्ञा घडाघडा म्हटली. वर्गात आल्यावर सर म्हणाले, येत होतं ना, मग सुरुवातीला काय झालं होतं? आता उत्तर माहीत आहे, तेव्हा नव्हतं.

९. एक दिवस एकदम छान, दुसऱ्या दिवशी बंद. असं काहून?

असंच असतं. झोप कमी, थकवा, घाई, फोन, साहेब, तिकिटाच्या खिडकीवरची रांग, या सगळ्यानं वाढतं. आणि काही दिवस विनाकारणही वाढतं. चांगल्या दिवशी 'बघ, प्रयत्न केला की जमतं' असं म्हणू नका, कारण मग वाईट दिवशी त्याचा अर्थ प्रयत्न केला नाही असा होतो.

१०. बाकी सगळं बोलते पण स्वतःचं नाव सांगतानाच अडकते. नाव कोण विसरतं?

विसरत नाही कोणी. बाकी शब्दांना पर्याय असतो, नावाला नसतो. आम्ही लोक पर्यायांचे उस्ताद असतो, 'पाणी' येत नसेल तर 'तहान लागली', 'मंगळवार' येत नसेल तर 'परवा'. वाक्य सुरू करायच्या आधीच पुढे कोणता शब्द आडवा येणार ते दिसतं आणि आम्ही गल्ली बदलतो. नावाला मात्र गल्ली नाही, आणि ते सांगायचंही असतं अनोळखी माणसाला, लगेच.

गल्ली बदलण्याची किंमत सांगतो. कॉलेजात असताना बर्डीवरून बसनं घरी यायचो, उतरायचं मानेवाड्याला, आणि 'म' निघायचा नाही. कंडक्टर समोर, हातात मशीन, मागचे लोक बघतायत. मी म्हणायचो 'तुकडोजी पुतळा', कारण 'त' सोपा. आणि मग तुकडोजी पुतळ्यावर उतरून मानेवाडा रोडनं बाकीचं अंतर पायी, मे महिन्यात सुद्धा, पंचेचाळीस डिग्रीत. जवळजवळ दोन वर्षं. घरी सांगायचो की बस तिथपर्यंतच येते. बरं, हे बाहेरून बघणाऱ्याला दिसतं का? त्याला दिसतो एक मुलगा, जो न अडखळता 'तुकडोजी पुतळा' म्हणाला.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान, जे स्वतः अडखळायचे, ते म्हणायचे की तोतरेपणा हिमनगासारखा आहे, ऐकू येतं ते वरचं टोक, आणि लाज, भीती, लपवालपवी हा मोठा भाग पाण्याखाली. ज्यांचं अडकणं कधीच ऐकू येत नाही असेही लोक आहेत, ते सतत शब्द बदलत असतात. आमच्या रविवारच्या बैठकीत एक वकील येतात, त्यांच्या बायकोला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं.

११. समोरचा अडकला तर मी काय करू? शब्द पुरवला तर मदतच ना?

नाही, बहुतेक वेळा चुकीचाच शब्द पुरवता आणि मग आम्हाला 'नाही' म्हणायला अजून एक शब्द काढावा लागतो. नेहमीसारखं बघा, थांबा, काय म्हणतोय ते ऐका. दयेचा चेहरा करू नका, मोबाइलकडे पण बघू नका. खूप जवळचा माणूस असेल तर एकदा निवांत विचारून घ्या की तुला काय बरं वाटतं, काहींना शब्द दिलेला चालतो. मला नाही चालत.

१२. थेरपीत नक्की करतात काय, आणि नागपुरात कुठे जायचं?

सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी लिडकोम्ब नावाची पद्धत आहे, ऑस्ट्रेलियात सिडनीला निघाली. त्यात आईबाप थेरपिस्टच्या देखरेखीत रोज घरी थोडा वेळ खेळतात-बोलतात, सरळ आलेल्या बोलण्याचं कौतुक करतात आणि दिवसाला नंबर देतात. घरच्यांनी मनानंच सुरू करू नका, कौतुकाचं प्रमाण चुकलं की ते टोकणंच होतं.

मोठ्यांसाठी दोन वाटा. एकीत बोलण्याची पद्धतच बदलायची, आवाज हलका सुरू करायचा, ओठ-जीभ जोरात दाबायचे नाहीत, शब्द सलग ठेवायचे. दुसरी वाट अमेरिकेतले स्पीच थेरपिस्ट चार्ल्स व्हॅन रायपर यांची, तेही आमच्यातलेच, म्हणजे अडखळणारे. ते म्हणतात अडका, पण सोपं अडका. शब्द अडकून निघाला की थांबा, तोच शब्द परत सैल म्हणा, नंतर अडकलेले असतानाच सैल करायला शिका, मग अडकायच्या आधीच. यातला एक प्रकार म्हणजे मुद्दाम अडखळणं. मी पहिल्यांदा पोहेवाल्याकडे मुद्दाम 'प-प-पोहा' म्हटलं तेव्हा पाय कापत होते. त्यानं विचारलं, तर्री जास्त का कमी? बस. आता बहुतेक थेरपिस्ट दोन्ही मिसळतात आणि सोबत भीतीवरही काम करतात.

थेरपिस्ट स्पीच-लँग्वेजचं शिक्षण घेतलेला आणि आरसीआयमध्ये, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेत, रजिस्टर असलेला पाहिजे. रजिस्ट्रेशन नंबर विचारायला लाजू नका. खर्चाचा प्रश्न असेल तर मेडिकल, मेयो (दोन्ही सरकारी दवाखाने) किंवा मिहानमधल्या एम्सच्या ईएनटी, म्हणजे कान-नाक-घशाच्या, ओपीडीत चिठ्ठी काढून स्पीच थेरपीची चौकशी करा. मूल लहान असेल तर अंगणवाडी-शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या टीमला दाखवा, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ती आहे. मैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग आणि मुंबईची अली यावर जंग संस्था ही या विषयातली केंद्र सरकारची मोठी नावं.

१३. भिंतीवर 'दहा दिवसांत हकलाना बंद, गॅरंटी' लिहिलं असतं. खरं असतं का?

दहा दिवस खरं असतं. मी चौदा वर्षांचा असताना बाबा मला अशाच एका ठिकाणी घेऊन गेले, दिवाळीचा बोनस तिथे गेला. मांडीवर बोटानं ठेका धरायचा आणि एकेक अक्षर ठेक्यावर, मा-झं-ना-व. तिसऱ्या दिवशी मी तिथे भाषण दिलं, बाबांच्या डोळ्यांत पाणी. घरी आल्यावर पंधरा दिवस टिकलं. मग शाळेत पोरं म्हणायला लागली रोबोट आला, ठेका सुटला आणि सगळं होतं तिथे परत.

ठेक्यावर बोललं की बहुतेकांचं अडकणं लगेच थांबतं, गाण्याचंच कारण (प्रश्न ८), पण असं रोज बोलता येत नाही आणि सवय झाली की असरही उतरतो. म्हणून डेमो जबरदस्त दिसतो. सगळ्यात वाईट म्हणजे नंतर ते सांगतात 'मुलानं प्रॅक्टिस केली नाही'. बाबा बरेच महिने तेच म्हणत राहिले, आणि मीही मानत राहिलो.

१४. गोळी आहे का? कानातलं मशीन?

तोतरेपणासाठी म्हणून मंजूर झालेली गोळी नाही. डोपामिनवर काम करणारी काही औषधं डॉक्टरांनी वापरून बघितलीत, थोडा फरक पडतो पण वजन, झोप, हालचाली यांवर साइड इफेक्ट्स असतात. मशीन आपलाच आवाज किंचित उशिरा किंवा वेगळ्या पट्टीत कानात ऐकवतं, म्हणजे सोबत कोणी बोलल्यासारखं. काहींना उपयोग होतो, काहींना शून्य, आणि महाग आहे. विकत घ्यायच्या आधी तशीच फ्री ॲप हेडफोन लावून बघा.

१५. मोठेपणी पूर्ण बरं होतं का?

मोठेपणी कायमचं, पूर्ण असं क्वचित. कमी होतं, सैल होतं, आयुष्यातली जागा कमी घेतं. हृतिक रोशननं आपल्या हकलण्याबद्दल उघड सांगितलंय, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बायडन यांनीही. पण प्रत्येक वेळी ही नावं घेऊन पोरांना 'बघ ते किती पुढे गेले' म्हणू नका, त्याला आधी उद्याची तोंडी परीक्षा काढायची आहे. वर्गशिक्षकांना आधी भेटून थोडा जास्त वेळ मागा, ते जास्त कामाचं.

१६. मुलीचं स्थळ बघतोय, आधी सांगायचं का? मुलांना होईल का?

सांगायचं, आणि मुलीनंच सांगायचं, आईबापांनी फोनवर कुजबुजत नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात लपवत बसली तर अजून जास्त अडकेल (प्रश्न १०). घराण्यात असेल तर मुलांना व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते हे खरं, पण होईलच असं नाही, आणि झालं तरी लहानपणी बहुतेकांचं सुटतं. मला दोन मुलं, धाकटी तीन वर्षांची असताना चार महिने अडकली आणि सुटली. ते चार महिने मला झोप नव्हती, खोटं कशाला सांगू.

१७. अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळतं का? नोकरीत आरक्षण?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात वाचा आणि भाषा हा प्रकार आहे. पण व्याख्येत कायमस्वरूपी आणि शारीरिक किंवा मेंदूच्या कारणानं आलेला दोष म्हटलंय आणि उदाहरणं स्वरयंत्र काढलेल्याची, वाचाघाताची दिलीत. तोतरेपणाचं नाव त्यात नाही, त्यामुळे ठरवणं मेडिकल बोर्डावर येतं. आणि मिळालं तरी, सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण ज्या गटांना आहे त्या यादीत हा प्रकार स्वतंत्रपणे दिलेला नाही. पोलीस-सैन्य भरतीची तयारी करणाऱ्यांनी मेडिकलच्या अटी आधी वाचाव्यात, ग्राउंड मारून झाल्यावर नाही.

१८. माझा भाऊ इतका फास्ट बोलतो की शब्दच गिळतो. हाही तोतरेपणा का?

बहुतेक नाही, त्याला इंग्रजीत क्लटरिंग म्हणतात. अक्षरं एकमेकांवर चढतात, वाक्य मध्येच वळतं, आणि बोलणाऱ्याला पत्ताच नसतो. आमच्यासारख्याला सांगितलं 'लक्ष देऊन बोल' तर बिघडतं, त्याला सांगितलं तर सुधारतं. त्याचं बोलणं रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवा. काहींना दोन्ही एकत्र असतात.

१९. बाबांना अठ्ठावन्नाव्या वर्षी आज सकाळपासून अचानक अडखळायला होतंय.

हा मेसेज मला खरंच आला होता, सकाळी साडेनऊला, आणि मी तो साडेअकराला वाचला. असं असेल तर मला लिहू नका, हे पान वाचत बसू नका, १०८ लावा. मोठेपणी अचानक बोलणं बिघडलं, तोंड वाकडं झालं, एक हात उचलत नाही, तर ते लकवा म्हणजे स्ट्रोक असू शकतो आणि गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हळूहळू आलेलं असेल तर पार्किन्सन, डोक्याला मार, किंवा फिट्सच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्या, अशीही कारणं असतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

२०. मेसेजऐवजी फोन केला तर चालेल का?

चालेल. संध्याकाळी सातनंतर करा. फोन उचलल्यावर पाच-सहा सेकंद काहीच ऐकू येणार नाही, नेटवर्क गेलं समजून कट करू नका, मी 'हॅलो'वर आहे.